रक्तवाहिनीच्या अस्तराची प्रयोगशाळेतील घडण

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला, वाहत्या रक्ताला थेट भिडणारा पेशींचा एकपदरी थर असतो. शरीरशास्त्राच्या परिभाषेत त्याला अंतःस्तर किंवा एंडोथेलियम म्हणतात. विल्यम हार्वीने 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि मार्चेल्लो माल्पिघीने 1661 साली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या, तरी या वाहिन्यांना पेशींचे स्वतंत्र अस्तर असते हे स्पष्ट होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, कारण चांदीच्या क्षाराने पेशींच्या कडा रेघांसारख्या उठवून दाखवण्याची रीत तेव्हा कुठे हाती आली. त्यानंतरही दीर्घकाळ हे अस्तर म्हणजे रक्ताला आत ठेवणारा एक निष्क्रिय पडदा आहे अशीच समजूत राहिली. पेनिसिलीनवरील कामासाठी परिचित असलेल्या हॉवर्ड फ्लोरी यांनी 1966 साली या जुन्या समजुतीचे वर्णन करताना तिला सेलोफेनच्या कागदाची उपमा दिली होती. ज्याचे स्वतःचे काही कार्य नाही, त्याची प्रतिकृती उभारण्याची निकड कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

ती निकड निर्माण होण्यासाठी आधी या पेशी शरीराबाहेर जगवता येणे आवश्यक होते. 1973 साली न्यूयॉर्कमधील एरिक जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतील शीर घेतली, तिच्यात कोलॅजेन विरघळवणारे विकर भरून अस्तराच्या पेशी सुट्या केल्या आणि त्या बशीत वाढवल्या. या पेशी अस्तराच्याच आहेत, आजूबाजूच्या स्नायूंच्या किंवा संयोजी ऊतीच्या नाहीत, हे पटवणे हा या कामाचा खरा गाभा होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून 1964 साली एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांनी दाखवलेले दांडीसारखे सूक्ष्म घटक या पेशींत आढळले, आणि रक्त साखळण्याशी निगडित असलेले एक प्रथिन त्या स्वतः तयार करतात हेही त्याच वर्षी जॅफी यांच्या गटाने दाखवले. आजही असंख्य प्रयोगशाळांतील काम नाळेतून मिळणाऱ्या याच पेशींवर चालते.

1980 साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीनने धमनी सैलावते आणि ते खरवडले गेले असेल तर सैलावत नाही. अस्तर शेजारच्या स्नायूंना रासायनिक निरोप देते, हे यातून सिद्ध झाले. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा असल्याचे पुढे उलगडले आणि 1998 च्या नोबेल पारितोषिकाने या शोधमालिकेचा गौरव झाला. प्रतिकृतीच्या कल्पनेवर या शोधाचा परिणाम फार दूरगामी ठरला, कारण ज्या निरोपाला घेणारा कोणी नाही तो निरोप एकट्या पेशींच्या थरात अभ्यासता येईल, पण त्याचा अर्थ तिथे उमगणार नाही.

याहूनही खोल उणीव प्रवाहाची होती. लंडनमधील कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली असे मांडले होते की, धमन्यांतील मेदाचे थर जिथे रक्ताचे घर्षण कमी असते तिथे प्राधान्याने साचतात. घर्षण अधिक तिथे इजा अधिक, या त्या काळच्या प्रभावी मताच्या हे नेमके उलट होते. वाहते रक्त पृष्ठभागाला समांतर जे खेचते, त्या बलाला कर्तन ताण म्हणतात. निरोगी धमन्यांत तो साधारण 10 ते 70 डाइन प्रति चौरस सेंटिमीटर असतो, तर शिरांत त्याच्या मानाने अगदी थोडा. 1981 साली फोर्ब्स ड्यूई, मायकेल गिम्ब्रोन, पीटर डेव्हिस आदींनी पेशींच्या थरावर एक शंकू फिरवून द्रवाचा नियंत्रित प्रवाह निर्माण केला, तेव्हा बशीत फरशीसारख्या बहुकोनी दिसणाऱ्या पेशी लांबट झाल्या आणि प्रवाहाच्या दिशेने रांगेत वळल्या, जशा त्या जिवंत धमनीत असतात. म्हणजे स्थिर द्रवातील पेशी ही अस्तराची मूळ, निर्मळ अवस्था नव्हतीच. ती शरीरात कुठेही नसलेली, बशीने निर्माण केलेली अवस्था होती. या संपूर्ण इतिहासात यापेक्षा महत्त्वाची उमज क्वचितच दुसरी असेल, कारण तिच्यामुळे अस्तराचे गुण केवळ पेशीत न शोधता पेशी आणि तिची परिस्थिती यांच्या संबंधात शोधणे भाग पडले.

1986 साली क्रिस्पिन वाइनबर्ग आणि यूजीन बेल यांनी कोलॅजेन व गाईच्या पेशी यांपासून अस्तर, स्नायू आणि बाह्य आवरण असलेली संपूर्ण नळी घडवली. रक्ताचा दाब सोसण्यासाठी तिला डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या जाळीचा आधार द्यावा लागला, आणि इथून दोन वाटा फुटल्या. रुग्णाच्या शरीरात बसवायच्या वाहिनीला बळ हवे होते. 1999 साली लॉरा निकलसन यांच्या गटाने स्पंदनशील प्रवाहात धमन्या वाढवल्या त्या या वाटेवर. संशोधनासाठीच्या प्रतिकृतीला मात्र पारदर्शकता, लहान आकार आणि एकेक घटक वेगळा करून पाहण्याची सोय हवी होती.

ही सोय सूक्ष्मनलिकांच्या तंत्राने दिली. सिलिकॉन रबराच्या चकतीत किंवा कोलॅजेनच्या जेलमध्ये केसाएवढ्या नळ्या कोरून त्यांच्या भिंतींवर पेशी वाढवल्या की त्यातून मानवी रक्त वाहू देता येते. याचा उपयोग एका उदाहरणातून दिसतो. सीडी 154 या रेणूविरुद्धच्या एका प्रतिपिंडाच्या मानवी चाचण्या रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्याने थांबवाव्या लागल्या होत्या. हा धोका रक्तबिंबिकांवरील ज्या ग्राही रेणूमुळे उद्भवतो तो उंदराच्या रक्तबिंबिकांवर नसतोच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानवी अस्तराच्या अशा नळीतून मानवी रक्त आणि ते प्रतिपिंड एकत्र वाहू दिले असता गुठळ्या स्पष्ट दिसल्या, तर त्या ग्राहीला न चिकटणाऱ्या सुधारित प्रतिपिंडाने त्या झाल्या नाहीत. भारतात 2023 साली औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा मानवी पेशींवर आधारित पद्धतींना मानवी चाचण्यांपूर्वीच्या तपासण्यांत स्थान मिळाले, हे योग्यच झाले.

तथापि प्रतिकृती जितकी गुंतागुंतीची तितकी ती खरी, हा समज टिकणारा नाही. सिलिकॉन रबर काही औषधांचे रेणू स्वतःतच शोषून घेते. नाळेतील शिरेची पेशी मेंदूच्या केशवाहिनीबद्दल फारसे सांगू शकत नाही, कारण तिथले अस्तर रक्तातील बहुतेक पदार्थांना अडवणारे, अगदी निराळे असते. मूलपेशींपासून 2019 साली घडवलेल्या रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म ऊतिगोलांत वाहिन्यांचे जाळे आपोआप उभे राहते, पण बशीत त्यांतून रक्त वाहत नाही. प्रत्येक प्रतिकृती ही अस्तराला अस्तरपण कशामुळे येते याबद्दलचे एक विधान असते, आणि ज्या प्रश्नासाठी ते केले त्या प्रश्नापुरतेच ते तपासता येते.

काळाचा प्रश्न मात्र यांपैकी कोणत्याच तंत्राने सुटलेला नाही. धमनीकाठिण्य अनेक दशकांत वाढते आणि प्रयोगशाळेतील वाहिनी सहसा दिवस किंवा आठवडेच टिकते. म्हणूनच ड्यूक विद्यापीठातील संशोधक प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या दुर्मीळ जनुकीय विकाराकडे वळले, ज्यात मुलांच्या धमन्या विशीच्या आतच जर्जर होतात. अशा मुलांच्या पेशींपासून मूलपेशींच्या मार्गाने घडवलेल्या लहान वाहिन्यांत त्या विकाराची लक्षणे काही आठवड्यांतच उमटली. सर्वसामान्य माणसाच्या पन्नाशीनंतरच्या धमनीला हे निष्कर्ष कितपत लागू पडतात, हे ठरवण्यासाठी त्या वाहिन्यांत मेद, दाह आणि प्रवाहातील बदल एकेक करून घालून पाहावे लागणार आहेत.