करुणा मोजता येते काय?

संतापलेल्या माणसाच्या मेंदूत काय घडते, हे विज्ञान सांगू शकते. तो संताप का आवरावा, हे कोणी सांगायचे? हा प्रश्न जुनाच आहे. परंतु गेल्या काही दशकांत त्याचा विचार एका नव्या व्यासपीठावर होऊ लागला.

१९८७ साली चिलीचे मेंदुशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को वरेला आणि अमेरिकेचे ॲडम एंगल यांच्या पुढाकाराने काही शास्त्रज्ञ धरमशाला येथे दलाई लामांशी चर्चेस बसले. 'माइंड अँड लाइफ' ही संवादमाला त्यातूनच सुरू झाली. विज्ञान मनाकडे बाहेरून पाहते, तर बौद्ध साधक शतकानुशतके ते आतून न्याहाळीत आले आहेत. १९९२ साली दलाई लामांनी अमेरिकन संशोधक रिचर्ड डेव्हिडसन यांना विचारले, की ज्या साधनांनी तुम्ही चिंता व निराशा अभ्यासता, त्यांनीच दया आणि करुणा का अभ्यासत नाही?

२००४ साली डेव्हिडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ अनुभवी साधकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाची साधना १०,००० ते ५०,००० तासांची होती. करुणेचे ध्यान करताना त्यांच्या मेंदूतील गॅमा लहरी नवशिक्यांपेक्षा कितीतरी प्रबळ आढळल्या. मात्र ही माणसे ध्यानाने तशी घडली, की मुळात तशी होती म्हणून ध्यानाकडे वळली, हे एवढ्याने सिद्ध होत नाही.

अशी सावधगिरी दोन्ही बाजूंना शोभते. विज्ञानाने एखादी समजूत निःसंशय खोटी ठरविल्यास बौद्धांनी ती सोडावी, असे दलाई लामांनी २००५ साली लिहिले. मेरू पर्वताभोवती रचलेली प्राचीन विश्वकल्पना ते स्वतः मानीत नाहीत. मात्र जाणीव ही केवळ मेंदूची निर्मिती होय, हे मत त्यांनी सिद्ध सत्य म्हणून स्वीकारलेले नाही. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील मेंदुशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात त्यांचे भाषण ठेवण्यास शेकडो जणांनी विरोध केला. त्यामागील एक शंका आम्हांला रास्त वाटते: साधनेवर श्रद्धा असणाऱ्याच्या संशोधनाची कसोटी अधिकच कठोर हवी.

परंतु मूळ प्रश्न याहून खोल आहे. एकाग्रता नेमबाजाला लागते, तशी खिसेकापूलाही लागते. म्हणूनच बौद्ध परंपरेत ध्यान एकटे उभे नाही. शील, समाधी आणि प्रज्ञा अशी त्रिविध शिकवण आहे आणि तीत शील पहिले येते. शीलापासून तोडलेली समाधी हे केवळ एक तंत्र उरते. लहरींची उंची यंत्र दाखवील. पण त्या साधकाने दारी आलेल्या तहानलेल्याला पाणी दिले की नाही, हे त्या आलेखात दिसत नाही.

परीक्षेत गुण वाढावेत म्हणून आज आपण मुलांना एकाग्रतेचे धडे देतो. त्यात गैर काही नाही. मात्र ते एकाग्र झालेले मन पुढे कोणाच्या उपयोगी पडणार, हेही त्यांना विचारावयास हवे. आणि ते विचारण्यापूर्वी आपण आपल्याला विचारावे.