वाकण्याचे मोल

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सागर आणि नद्या यांचा एक संवाद सांगतात. मोठमोठे वृक्ष मुळासकट वाहून आणणाऱ्या नद्या वेताचे एखादे रोप मात्र कधीच का आणत नाहीत, असा सागराचा प्रश्न आहे. गंगेचे उत्तर सरळ आहे : वृक्ष आपल्या जागी ताठ उभे राहतात, वेत लोंढा येताच वाकतो आणि तो ओसरला की पुन्हा आपल्या जागी येतो. तुकोबांच्या अभंगामुळे हीच प्रतिमा लव्हाळ्याच्या रूपाने मराठी मनात रुजली. अनिश्चित काळात व्यवसाय कसा तगवावा, या प्रश्नाला व्यवस्थापनशास्त्र आज जे उत्तर देते ते मूलतः गंगेचेच आहे. परंतु वाकणे हे कौशल्य की सद्गुण, हा प्रश्न त्याने सुटत नाही. कौशल्याची परीक्षा यशाने होते. सद्गुणाची परीक्षा त्या यशाचे मोल कोणी दिले यावरून होते.

मुंबईच्या कापड-उद्योगाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी येथील पहिल्या सूतगिरणीची उभारणी केली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरला होणारा तेथील कापसाचा पुरवठा तुटला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. मुंबईत आलेला पैसा समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांच्या सट्ट्यात ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. या माणसांत लवचीकतेची उणीव होती असे कोणी म्हणणार नाही. उलट, वारा फिरताच फिरण्यात ती तरबेज होती. मात्र वाऱ्याबरोबर फिरणे आणि परिस्थिती ओळखून बदलणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

पुढच्या पिढीने दुसरी गोष्ट करून दाखविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्या प्रामुख्याने चीनच्या बाजारासाठी जाडेभरडे सूत कातीत. जपानी गिरण्यांची स्पर्धा सुरू झाल्यावर ही बाजारपेठ हातची जाऊ लागली, तेव्हा गिरण्यांनी माग वाढविले आणि देशातील गिऱ्हाइकासाठी कापड विणण्याकडे त्या वळल्या. १९०५ च्या स्वदेशी चळवळीने या वळणाला बळ दिले. येथे माल बदलला, यंत्रे बदलली, गिऱ्हाईक बदलले. धंद्याचा कणा मात्र कायम राहिला. नागपुरात १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल हे याहून बोलके उदाहरण होय. मुंबई सोडून कापूस पिकविणाऱ्या मुलखात जाणे आणि रिंग पद्धतीच्या नव्या चात्या इतरांच्या आधी वापरून पाहणे हे धाडस तिने केले. त्याच गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात-भरपाई सुरू केली. साधनांच्या बाबतीत लवचीक आणि माणसांच्या बाबतीत स्थिर असा हा विवेक होता. अर्थात एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही गिरणीही बंद पडली. सदाचार हा दीर्घायुष्याचा विमा नव्हे; त्याचे समर्थन फायद्याच्या भाषेत करू पाहणारे त्याचे हितच करतात असे नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही. भिवंडीच्या यंत्रमागांकडे आधीच सरकू लागलेले विणकाम या काळात आणखी वेगाने तिकडे गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा विकास खुला केला, तो महापालिका, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक अशा तीन वाट्यांच्या अटीवर. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. कापड विणणाऱ्या कंपन्या जमीन विकून तगल्या. ताळेबंदाच्या कसोटीवर हे परिस्थितीशी जुळवून घेण्याचे यशस्वी उदाहरणच ठरते. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत मात्र निघाली २०१२ मध्ये, संपानंतर ३० वर्षांनी. त्या मधल्या काळात एका घराचे काय होते, हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात वाचावयास मिळते.

मालकपक्षाचा युक्तिवाद उथळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. यंत्रे जुनाट झाली होती, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडत होते. तोट्यातील गिरणी चालवीत राहणे म्हणजे सर्वांनी मिळून बुडणे, असे तो म्हणतो. हे मान्य केले तरी त्यातून बदलाची आवश्यकता तेवढी सिद्ध होते, बदलाच्या ओझ्याची वाटणी न्याय्य ठरत नाही.

शांतिपर्वातच आपद्धर्माचा विचार आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात उपाशी विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी उचलतो. चांडाळ त्याला धर्माची आठवण देतो. विश्वामित्र आधी प्राण, मग धर्म, असे उत्तर देतो. या कथेत दोन गोष्टी गृहीत आहेत. नियमभंगाचे पातक विश्वामित्र स्वतःच्या माथी घेतो आणि पुढे तपाने ते फेडतो. आणि पाऊस पडला की आपत्काळ संपतो. आधुनिक व्यवसायाने आपद्धर्म स्वीकारला, पण या दोन्ही अटी गाळून. त्याचा आपत्काळ कधीच संपल्याचे जाहीर होत नाही आणि त्याचे प्रायश्चित्त बहुधा दुसरेच कोणी घेते. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून गावाकडे पायी निघालेल्या मजुरांनी हेच सत्य देशापुढे पुन्हा उभे केले.

खरी लवचीकता गिरणगावात अन्यत्र दिसली होती. संपाच्या दिवसांत कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांनी प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळविले. त्या वाकल्या, पण आपल्याच पाठीने.

वेताच्या दृष्टान्तातील मर्म येथेच आहे. तो स्वतः वाकतो, शेजारच्या रोपाला पुढे करीत नाही. आणि पूर ओसरल्यावर तो पुन्हा आपल्या जागी असतो. ज्या व्यवसायाने तगण्यासाठी आपली माणसे प्रवाहात सोडून दिली, त्याला चतुर म्हणता येईल, यशस्वीही म्हणता येईल. वेताची उपमा मात्र त्याला देता येणार नाही.