धाकाने मिळालेला होकार

परस्परांचे धन अनुचित मार्गाने खाऊ नये, उभयपक्षी राजीखुशीने होणारा व्यापार मात्र वैध आहे, अशी पवित्र कुरआनची शिकवण आहे (सूरह अन्-निसा : २९). प्रश्न असा की, धाकाने दिलेल्या होकाराला राजीखुशी म्हणावे काय?

२०११ साली अमेरिकेत आयफोनसाठी अ‍ॅप तयार करणाऱ्या अनेक लहान व्यावसायिकांना लॉडसिस नावाच्या कंपनीची पत्रे आली. तुमच्या अ‍ॅपमधील खरेदीची सोय आमच्या पेटंटचा भंग करते, तेव्हा अमेरिकेतील विक्रीचा ०.५७५ टक्के हिस्सा द्या, अशी मागणी होती. ती सोय अ‍ॅपलने पुरविलेली होती, आणि आपल्या परवान्यात हे व्यावसायिकही येतात, असे अ‍ॅपलने लॉडसिसला कळविले. तरीही काही दिवसांतच टेक्सासमध्ये सात जणांवर दावा दाखल झाला.

अशा मागणीचे खरे बळ तिच्या लहानपणात असते. खटला लढण्याचा खर्च मागितलेल्या रकमेच्या कितीतरी पट असतो. मग निर्दोष मनुष्यही पैसे देऊन मोकळा होतो. याच कंपनीशी कॅस्परस्की ही मोठी कंपनी लढत राहिली, तेव्हा २०१३ मध्ये सुनावणीच्या तोंडावर तिच्यावरील दावा मागे घेण्यात आला. लहानांना ही ऐपत कोठून असावी?

याचा अर्थ पेटंट हा हक्कच खोटा, असा नव्हे. १९८८ साली कुवेत येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने संशोधनाचे हक्क शरीअतनुसार संरक्षित असल्याचा निर्णय दिला. म्हणून दुसऱ्याच्या श्रमाचे फळ फुकट वापरणाऱ्याने पत्र आले की जुलमाची ओरड करू नये. आधी प्रामाणिकपणे तपासावे. हक्क खरा असेल तर तो देणे कर्तव्य आहे.

परंतु हक्क मागणे वेगळे आणि न्यायालयाची भीती विकणे वेगळे. लोकांच्या धनाचा काही भाग जाणूनबुजून गिळण्यासाठी न्यायाधिकाऱ्यांचे दार ठोठावू नये, अशी ताकीद सूरह अल्-बकरामध्ये (१८८) आहे. आपल्या निवाड्याने एखाद्याला त्याच्या भावाचा हक्क मिळाला तर तो अग्नीचा तुकडा आहे, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला. प्रत्यक्ष प्रेषितांच्या निकालाने जे हलाल होत नाही, ते वकिलाच्या नोटिशीने कसे होईल?

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम १०६ नुसार निराधार धमकीविरुद्ध दाद मागता येते. आपल्या घरातील सॉफ्टवेअर व्यावसायिक तरुणाने हे जाणून घ्यावे. पण नोटीस आपणही पाठवितो : भाडेकरूला, भागीदाराला, प्रसंगी वारसाहक्क मागणाऱ्या बहिणीला. तेव्हा स्वतःला विचारा, समोरचा आपला हक्क मान्य करून देत आहे की केवळ थकून?

अल्लाह आपणा सर्वांना दुसऱ्याच्या असहायतेतून येणाऱ्या धनापासून दूर ठेवो. आमीन.