पाडायच्या इमारती

पाडापाड पाहण्याची हौस माणसाला उपजतच असावी. लहान मूल ठोकळ्यांचा मनोरा रचते ते पुढे तो ढकलून देता यावा म्हणूनच, असे मला पुष्कळदा वाटते. २८ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीजवळच्या नोएडा येथे सुमारे शंभर मीटर उंचीचे दोन मनोरे सुरुंग लावून काही सेकंदांत भुईसपाट करण्यात आले, तेव्हा ते पाहायला घरोघरी माणसे पडद्यासमोर बसली होती. ते मनोरे बेकायदेशीर होते, सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने ते पाडले गेले, हे सारे खरे. पण धुळीचा लोट उठला तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीत जी टाळी वाजली ती कायद्याच्या आदरापोटी वाजली, असे मला काही वाटत नाही.

शहरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पाडायच्या इमारतींची एक यादी असते. पटत नसेल तर या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या मंडळींना विचारून पाहा, की आपल्या गावातली कुठली इमारत जमीनदोस्त झालेली तुम्हाला आवडेल? एरवी एकमेकांशी पटत नसलेले मेहुणे आणि साडू या एका प्रश्नावर कसे रंगात येतात ते पाहण्यासारखे असते. कुणी देवळाच्या कळसासमोर उभे राहिलेले काचेचे दुकान सांगतो, कुणी पानाच्या पिचकाऱ्यांनी जिने रंगलेली सरकारी कचेरी सांगतो. कुणाला नदीकाठ अडवून बसलेले मंगल कार्यालय सलत असते. चकल्या संपतात, यादी संपत नाही.

या तक्रारीला निव्वळ चोखंदळपणा म्हणून हसून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. वाईट कादंबरी मिटून ठेवता येते. बेसूर गाणारा असला तर उठून जाता येते. चित्र आवडले नाही तर दुसऱ्या भिंतीकडे पाहता येते. इमारतीचे तसे नाही. ती कोपऱ्यावर उभी असते आणि कामावर जाताना एकदा, परत येताना एकदा अशी रोज दोनदा ती आपल्यापुढे येते. शिवाय यात एक विचित्र अन्याय आहे. घराचा बाहेरचा चेहरा घरमालकाला क्वचितच दिसतो; तो पाहायचा आपण, समोरच्यांनी. मालकाने आपल्या पैशाने, आपल्या जागेवर बांधले हे कबूल. पण त्याने आपल्या वाटणीचे आभाळही त्यात घेतले, आणि त्याबद्दल आपल्याला कुणी विचारले नाही. तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याला त्या भिंतीविषयी बोलण्याचा काहीच अधिकार नाही, हे म्हणणे मला मान्य नाही.

यावर शहाणी माणसे लगेच सांगतात की रुची पालटत असते. तेही खरेच. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात आल्डस हक्स्ली या इंग्रज लेखकाने मुंबईच्या इमारतींची अशी काही निर्भर्त्सना केली की, त्याच्या हाती सुरुंग असता तर फोर्ट भागात फारसे काही उरले नसते. त्याच मुंबईतले बोरीबंदरचे स्टेशन २००४ साली जागतिक वारसा ठरले आणि २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या व मरीन ड्राइव्हवरच्या मिळून चौऱ्याण्णव इमारतींना तोच मान मिळाला. आजोबांना जे भडक वाटले, ते नातवाला भव्य वाटते. मधल्या पिढीने फक्त हात आवरायचा असतो.

पण मधल्या पिढीला नेमके तेच जमत नाही. इमारतीचे सर्वांत धोक्याचे वय म्हणजे चाळीस ते साठ. नवेपणाची लकाकी गेलेली असते आणि जुनेपणाचा मान अजून मिळालेला नसतो. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा राष्ट्र-दालनांचा प्रचंड मंडप वास्तुशिल्पी राज रेवाल आणि स्थापत्यतज्ज्ञ महेंद्र राज यांनी १९७२ साली उभा केला होता. तो वाचवावा म्हणून देशोदेशींच्या जाणकारांनी विनवण्या केल्या. पण साठ वर्षे पुरी न झालेल्या इमारतीचा वारसा म्हणून विचार करता येत नाही, असे उत्तर मिळाले आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत तो पाडण्यात आला. माणसाला साठाव्या वर्षी निवृत्त करतात. इमारतीला साठापर्यंत टिकली तर कामावर घेतात!

मात्र रुचिपालटाच्या या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि तीच मला खटकते. निकाल द्यायचा तो पाहणाऱ्याने, आजच्या नाहीतर उद्याच्या, पण पाहणाऱ्यानेच, असे त्यात धरलेले आहे. इमारतीच्या आतही माणसे असतात, त्यांची साक्ष कुणी काढत नाही.

मुंबईतल्या बीडीडी चाळी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत १९२० साली सरकारने मुंबईच्या विकासासाठी एक स्वतंत्र खाते काढले. गिरण्यांच्या शहरात कामगारांना राहायला जागा नव्हती. तेव्हा कापसावर खास जकात बसवून त्या पैशातून पन्नास हजार खोल्या बांधायच्या असा बेत ठरला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. सुमारे सोळा हजार खोल्या. सगळ्या एका साच्यातल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे, संडास आणि नळ सामाईक. खोली एकशे साठ चौरस फुटांची. बाहेरून पाहिले तर सिमेंटचा एक लांबट खोका, शेजारी तसाच दुसरा, त्यापलीकडे तिसरा. एकट्या वरळीत असे एकशे एकवीस.

बांधून झाल्या तेव्हा त्या कामगारांनाही रुचल्या नाहीत. गिरणीपासून दूर आणि भाडे जास्त, म्हणून हजारो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून होत्या. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींतच सत्याग्रह्यांना कोंडले. घर म्हणून बांधलेली इमारत इतक्या सहजी तुरुंग म्हणून वापरता यावी, यावर वेगळी टीका करायची गरज आहे का?

गंमत अशी की, समुद्र हटवून बॅकबेची जमीन तयार करण्याचे काम याच खात्याकडे होते. त्या कामातला गैरकारभार वकील खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, त्याचे खटले झाले, खात्याची छी थू झाली. पण त्या भरावावर पुढे सधन मालकांनी गोल कोपऱ्यांची, समुद्राकडे सज्जे काढलेली घरे बांधली आणि आज जगभराचे लोक त्यांची छायाचित्रे काढतात. एकाच खात्याच्या या दोन लेकी. एक समुद्रावर दिली, ती वारसा झाली. दुसरी गिरणगावात दिली, ती पाडायच्या यादीत गेली.

माझी एक मावशी लग्न होऊन १९६६ साली वरळीच्या चाळीत आली ती अजून तिथेच आहे. काका गिरणीत होते. त्या एका खोलीत तिने तीन मुले वाढवली, सासूसासऱ्यांचे केले, गावाकडून नोकरी शोधायला आलेल्या पुतण्यांना महिना महिना ठेवून घेतले. रात्री पुरुषमाणसे बोळात आणि गच्चीवर झोपत. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणे आता तिच्या गुडघ्यांना होत नाही आणि रात्री उठून बोळाच्या टोकापर्यंत जायचे म्हणजे संकटच. ही चाळ पाडावी अशी तिची कधीपासूनची इच्छा आहे. पण चाळ दिसायला कशी आहे, यावर तिचे मत मी एकदाच विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दिसायचं काय घेऊन बसलास? मी तिला बाहेरून कधी बघते?"

माझा भाचा वास्तुशास्त्र शिकतो. गेल्या वर्षी भाऊबीजेला त्याला घेऊन मावशीकडे गेलो. तो भिंतींना हात लावून पाहत होता. म्हणाला, "आजी, मुंबईत काँक्रीट नवीन होतं तेव्हाचं हे काम आहे. यातली एक तरी चाळ जशीच्या तशी जपून ठेवायला हवी."

"ठेव की बाळा," मावशी म्हणाली, "आणि तूच राहा तीत. पाणी पहाटे साडेचारला येतं, तेवढं ध्यानात ठेव."

आम्ही सगळे हसलो. भाचाही हसला. पण त्याच बैठकीत मावशीने दुसरी एक हकिकत सांगितली, ती ऐकून मात्र कुणी हसले नाही. तिच्या धाकट्या मुलासाठी एक स्थळ चालून आले होते. मुलीचे वडील घर पाहायला आले, खाली दारातच थांबले, वर नजर टाकली आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "असल्या इमारती पाडूनच टाकायला पाहिजेत." मावशीच्या कानावर ते पडले. त्याच आठवड्यात तिने चाळीच्या पुनर्बांधणीच्या संमतिपत्रावर सही केली होती. म्हणजे चाळ पाडा असे तिनेही लिहूनच दिले होते. तरी तिने चहा दिला आणि स्थळ परत पाठवले. "ते काही भिंतीला म्हणत नव्हते," एवढेच ती म्हणाली.

मला वाटते, या प्रश्नाचे सगळे मर्म तिथे आहे. वाक्य एकच, पण आतल्या माणसाने म्हटले तर त्याचा अर्थ 'आम्हाला याहून चांगले मिळायला हवे होते' असा होतो, आणि बाहेरच्याने म्हटले तर बहुधा 'हे आमच्या नजरेसमोर नको' असा होतो. आपण ज्याला इमारतीचे कुरूपपण म्हणतो त्यात किती भाग भिंतींचा असतो आणि किती तिच्यावर वाळत घातलेल्या लुगड्यांचा, पत्र्याच्या आडोशांचा, खिडकीत टांगलेल्या पिंपांचा असतो, हे एकदा प्रामाणिकपणे मोजून पाहायला हवे. आडोसा कुणी हौसेने बांधत नाही. एकशे साठ फुटांत सात माणसे मावत नाहीत म्हणून ती खिडकीबाहेर येतात.

आणि ते एकशे साठ फूट कुणी ठरवले? कुठल्या तरी कचेरीत, पंख्याखाली बसून, कुणीतरी पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि यात मजुराचे कुटुंब बसते असे ठरवले. ती चाळ त्या क्षणी कुरूप झाली, विटेवर वीट चढण्यापूर्वीच. आपण शंभर वर्षे भिंतीला नावे ठेवीत आलो; त्या पेन्सिलीला फारशी कुणी ठेवली नाहीत.

चाळीच्या जिव्हाळ्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. गणपतीत, लग्नात, मयताला सारा मजला एक होतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण बारकाईने पाहिले तर असे आढळते की, हा जिव्हाळा बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनी लिहिला. जे राहिले ते नळाच्या रांगेत होते, त्यांना लिहायला सवड कुठली!

आता चाळी जात आहेत. २०१७ साली पुनर्बांधणीचा नारळ फुटला आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजली मनोऱ्यांत पाचशे चौरस फुटांचे, मालकीचे घर. संडास घरात. मावशीचा क्रमांक अजून यायचा आहे. पण ज्यांना किल्ल्या मिळाल्या त्यांच्यापैकी एका मैत्रिणीचे घर ती लिफ्टमधून जाऊन पाहून आली. पाण्याची वेळ काय, हा तिचा पहिला प्रश्न होता. दिवसभर येते म्हणाल्यावर तिने नळ सोडून, हात धुऊन, खात्री करून घेतली. दुसरे तिने विचारले ते, दारे उघडी ठेवतात का? मैत्रीण म्हणाली, नाही, सगळे बंदच ठेवतात. "मग माझं कसं व्हायचं?" असे मावशी म्हणाली खरी, पण आपला क्रमांक कधी लागेल याची चौकशी दर आठवड्याला करायची ती थांबलेली नाही.

ते नवे मनोरे मी बसमधून पाहिले. सपाट, उंच, एकासारखा एक. शहरात इतरत्र उभे राहतात तसलेच. वरळीला समुद्राच्या बाजूला राहणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी ते आत्ताच आपल्या यादीत घातले आहेत. म्हणतात, पूर्वेकडचे सगळे आभाळ गेले, सकाळचे ऊन यायचे तेही बंद झाले. मी विचारले, "म्हणजे पाडायला हवेत का?" तेव्हा ते जरा चपापले. म्हणाले, "छे छे, तसं नाही. गरीब माणसांना घरं मिळालीच पाहिजेत. पण थोडी ठेंगणी बांधायला काय हरकत होती?"

त्यांचा स्वतःचा मजला अठ्ठाविसावा आहे.