सुंबरानाची वहिवाट

इतिहास म्हटला की आपल्याला दप्तर आठवतं. ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी, आणि अगदी घरगुती पातळीवर सातबारा. एका जागी टिकून राहिलेल्या माणसांचा कागद होतो. जी माणसं वर्षातले सहा-आठ महिने मेंढरांमागून चालत असतात, त्यांचा कागद कोण करणार? सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर 1884 साली निघालं. त्यात इतर जातींबरोबर धनगरही आले. पण ती दुसऱ्याने, दुसऱ्याच्या सोयीसाठी केलेली नोंद होती. धनगरांनी स्वतःची नोंद वेगळ्या ठिकाणी करून ठेवली होती. ती ओवीत होती, आणि ती वाचायची तर रात्रभर बसून ऐकावी लागे.

माणदेश आणि भीमाकाठ या पट्ट्यात, म्हणजे सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, आटपाडी, जत, म्हसवड या बाजूला, धनगरी ओवीची सुरुवात ‘सुंबरान मांडून’ होते. आधी देवांचं स्मरण, मग कथा. ओवीकार कानावर हात ठेवून सूर लावतो, ढोल आणि झांज साथीला असतात, जोडीदार चरणाचं शेपूट उचलून पुढे नेतात. काही चरण गाऊन झाले की गाणं थांबतं आणि तीच कथा ओवीकार गद्यात सांगू लागतो. याला ‘सपादणी’ म्हणतात. तो सांगतो, जोडीदार हुंकार देतो. गद्याचा वेग वाढत जातो, संवाद येतात, चेष्टा येते, मग पुन्हा ढोल वाजतो आणि कथा गाण्यावर चढते.

आपल्याला ओवीची दोन घराणी चांगली ठाऊक आहेत. एक 1290 च्या ज्ञानेश्वरीची ग्रंथातली ओवी, दुसरी बायकांची जात्यावरची. ही तिसरी पुरुषांची, उघड्या माळावरची. तिला छंदाची फारशी फिकीर नसते. तिचं बळ गाणं आणि सांगणं यांच्या आलटून-पालटून येण्यात आहे. गाण्यात प्रसंग ठसतो, गद्यात तो उलगडतो. ऐकणाऱ्याची डुलकी लागली तरी हरकत नाही. गाण्यात निसटलेलं सपादणीत सापडतं.

या ओव्यांत सांगितलेलं काय असतं? धनगरांचा देव बिरोबा याची कथा घेतली तर सुरावंतीच्या पोटी त्याचा जन्म, त्याचं आईपासून दुरावणं, दुसऱ्या हातांनी झालेलं संगोपन, मग कामाबाईशी लग्न. मेंढरांच्या उत्पत्तीची कथाही असते: मेंढरं वारुळातून बाहेर पडली आणि त्यांना सांभाळायला धनगर आला. पण लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कथेच्या पोटात आणखी काही दिसतं. देव कुठून निघाला, कोणत्या गावाच्या शिवारात थांबला, पाणी कुठे मिळालं, कोणी थारा दिला आणि कोणी हाकललं, याचा तपशील ओवी सोडत नाही. देवाचा प्रवास माणसांच्या आणि जनावरांच्या प्रवासासारखाच असतो. माणदेशात पाऊस बेभरवशाचा. दिवाळीच्या आसपास माळ सुकू लागला की तट्टांवर बिऱ्हाड लादून वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, निघतो. रिकाम्या झालेल्या शेतात वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं बसवायची. लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे धनगराला. पुढच्या पावसाला परत माघारी. या फिरण्यात कोणतं गाव आपलं, कोणतं पाणी गोड, कोणत्या शेतकऱ्याशी पिढीजात संबंध, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. कथेतला देव तीच गावं ओलांडत जातो, म्हणून ती डोक्यात राहतात.

अभ्यासकांना या ओव्यांचं मोल उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा फार वेगळ्या कारणासाठी कळलं. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत होते. 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी सुचवलं की पंढरीच्या वारीच्या वाटेखाली मेंढपाळांच्या हंगामी भटकंतीची फार जुनी वाट दडलेली असावी. मग आले गुंथर सोंथायमर. या जर्मन पंडिताचं मूळ क्षेत्र हिंदू कायद्याचं. एकत्र कुटुंबाची संस्था कायद्याच्या अंगाने कशी घडत गेली, यावर त्यांचा ग्रंथ आहे. धर्मशास्त्राच्या पोथ्यांतून बाहेर पडून ते धनगरवाड्यांवर गेले, टेप लावून रात्र रात्र बसले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 साली आला, त्याचं इंग्रजी रूप 1989 साली. तीन वर्षांनी ते गेले. त्यांनी जमवलेल्या ओव्यांपैकी बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा पुढे अॅन फेल्डहाउस यांनी सहकाऱ्यांसह इंग्रजीत आणल्या.

आणि 1984 साली रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ आला. महाराष्ट्राचा हा लाडका देव मुळात गवळी-धनगरांचा असावा, विठ्ठल आणि बिरप्पा, म्हणजे बिरोबा, ही त्या लोकांची जोडदैवतं असावीत, त्यांतल्या विठ्ठलाला पुढे वैष्णव रूप चढलं, अशी त्यांची मांडणी. पंढरपूरच्या देवळात ‘चौऱ्यांशीचा लेख’ आहे, 1273 ते 1277 या काळातल्या देणगीदारांचा. तो यादवांच्या वेळचं वैभव सांगतो. त्याआधीचं सांगायला लेख कमी पडतात. तिथे ढेऱ्यांनी धनगरांचे देव, त्यांची स्थानं, त्यांच्या कथा साक्षीला बोलावल्या. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल आणि बिरदेव एकत्र पुजले जातात. तिथल्या यात्रेत भाकणूक, म्हणजे भविष्य, सांगणारे फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी जातात. पंढरपूर ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातून विठ्ठलाकडे जाणारी ही दुसरी पायवाट. हिला ना दिंडी क्रमांक, ना पत्रकांत जागा.

ढेऱ्यांची मांडणी सगळ्यांना पटली असं नाही, पटलीच पाहिजे असंही नाही. मला अडतं ते वेगळ्या ठिकाणी. आपण, म्हणजे शिकलेले लोक, धनगरी ओवीकडे जातो ते बहुतेकदा पुरावा शोधायला. विठ्ठल मूळचा कोण? खंडोबा कर्नाटकातून आला का? ओवी आपल्या प्रश्नांची साक्षीदार होते आणि उलटतपासणी संपली की तिला घरी पाठवतो. तिचा स्वतःचा काही प्रश्न असू शकेल, हे सुचत नाही.

मौखिक कवितेच्या अभ्यासाने हा धडा एकदा गिरवला आहे. मिलमन पॅरी हा अमेरिकन विद्वान होमरचं कोडं सोडवायला 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियात गेला आणि तिथल्या वीरगाथा गाणाऱ्यांना ध्वनिमुद्रित करून आला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने 1960 साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट फार मार्मिक आहे. गायक छातीठोकपणे सांगतो की मी गाथा शब्दाला शब्द तशीच गातो. ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली तर शब्द बदललेले असतात. तो खोटं बोलत नसतो. ‘तशीच’ म्हणजे काय, याची त्याची कल्पना छापील पुस्तकावर पोसलेल्या माणसाहून निराळी असते. त्याची गाथा दर वेळी नव्याने रचली जाते आणि तरी तीच राहते.

आपल्याकडे याला समांतर असा एक व्यवहार आहे, शेतकऱ्याला पक्का ठाऊक असलेला: वहिवाट. शेतातून जाणारी वाट कागदावर नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यावरून बैलगाडी नेत असतील तर तिला हक्क असतो. 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने त्याला वीस वर्षांच्या अखंड वापराची अट घातली. त्याच कायद्याची दुसरी बाजू अशी की तितकी वर्षं वापर थांबला तर हक्कही विझतो. वहिवाट कुणी खणून काढत नाही की जपून ठेवत नाही. ती चालल्याने असते. धनगरी ओवी ही मला अशी वहिवाट वाटते. तिचं म्हणणं ‘हे असं घडलं’ एवढंच नाही. ‘आम्ही इथून जात आलो आहोत, आणि यंदाही गेलो’ हे तिचं खरं म्हणणं. म्हणून ती दर वर्षी, दर जागराला पुन्हा गावी लागते. कायद्याच्या अभ्यासातून आलेल्या सोंथायमरना तिची ओढ लागावी, यात मला योगायोग कमी दिसतो. शास्त्राच्या शेजारी रूढी उभी असते आणि ती पाळल्यानेच शाबूत राहते, हे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावं लागत नाही.

ही वहिवाट कशी पाळली जाते ते पाहायचं तर मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत जावं. महालिंगरायाचं हे स्थान कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री प्रत्यक्ष शिव-पार्वती येऊन महालिंगरायाच्या शिखराला मुंडासं बांधतात, अशी श्रद्धा. त्यानंतर पालख्यांची भेट: हुन्नूरचा बिरोबा गुरू, हुलजंतीचा महालिंगराया शिष्य, आणि इतर गावच्या पालख्या मिळून सात. भंडारा, लोकर, खारीक, खोबरं यांची उधळण अशी होते की माणसं, पालख्या, ढोल सगळं एकाच पिवळ्या रंगाचं होऊन जातं. ढोलांच्या वालुगांत, म्हणजे पथकांत, एक गाव मराठी, दुसरं कानडी; इकडे धनगर, तिकडे कुरुब; इकडे बिरोबा, तिकडे बिरप्पा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने विजापूर एका राज्यात गेलं आणि सोलापूर दुसऱ्यात. गुरू-शिष्यांची भेट चुकली नाही.

अशा सीमा जगात सगळीकडे आखल्या गेल्या. मध्य अमेरिकेत कॅरिबियन किनाऱ्यावर मिस्किटो लोक राहतात. इंग्रजांनी त्यांच्या राजांना मुकुट घातले, 1849 पासून मोरेव्हियन मिशनऱ्यांनी त्यांना स्तोत्रं शिकवली, 1894 साली निकाराग्वाने त्यांचा प्रदेश ताब्यात घेतला, आणि 1960 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालाने त्यांची कोको नदी ही निकाराग्वा आणि होंडुरास यांची सरहद्द म्हणून कायम झाली. नदीच्या दोन्ही काठांवर तेच लोक, तीच भाषा. त्यांचा इतिहास इतरांच्या तहनाम्यांत विखुरलेला आहे. धनगरांचं दुःख तेवढं तीव्र नाही. पण कागद दुसऱ्याच्या हाती असला की काय होतं, हे दोन्हीकडे सारखंच कळतं.

कागदाचा हा प्रश्न आज आरक्षणाच्या वादात सर्वांत ठसठशीत दिसतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या ‘क’ गटात आहेत, साडेतीन टक्के आरक्षणासह. अनुसूचित जमातींच्या यादीतला ‘धनगड’ तो आम्हीच, ही त्यांची मागणी फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. न्यायालयाला यादीतल्या नोंदीपलीकडे जाता येत नाही, ही त्याची मर्यादा. निवाडा बरोबर की चूक, हा माझा विषय नाही. पण ज्यांनी आपली ओळख शतकानुशतकं रात्रभर गाऊन राखली, त्यांना ती आता एका अक्षरावर सिद्ध करावी लागते, हा काळाचा उपरोध नजरेआड करता येत नाही.

वाटही आखडते आहे. वनखात्याने चराऊ रानं बंद करणं इंग्रजी अमदानीपासून सुरू आहे. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या खोऱ्यात बारमाही ऊस उभा राहिला. सोलापूरला त्याने पैसा दिला, यात शंका नाही. पण बारमाही उसाच्या शेताला रिकामं व्हायला सवड नसते, आणि शेत रिकामं नसेल तर मेंढरं बसवायची कुठे? लेंडीखताच्या जागी युरियाची गोणी आली, तेव्हा धनगर आणि शेतकरी यांच्यातला करारच मोडला. कथेतल्या देवाला थारा देणारं शिवार प्रत्यक्षात तारेच्या कुंपणाआड गेलं.

धनगरांचा गजीढोलाचा नाच मात्र तगला आहे, नुसता तगला नाही तर फोफावला आहे. पांढरे कपडे, डोक्याला फेटा, हातात रंगीत रुमाल, मधोमध ढोल आणि भोवती तालावर झुकत-उसळत फिरणारं रिंगण. मिरवणुकांत, जयंतीला, स्पर्धांत तो वीस मिनिटांत रंग भरतो. त्याचं कौतुकच आहे. ओवीला वीस मिनिटं पुरत नाहीत. तिला रात्र लागते, सपादणी सांगणारा लागतो, आणि मुख्य म्हणजे हुंकार देणारा लागतो. नाच पाहणाऱ्यांसमोर टिकतो. ओवीला त्या वाटा ठाऊक असलेला ऐकणारा हवा.

सोलापुरात 2004 साली विद्यापीठ झालं आणि 2019 साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. होळकरांचं दप्तर आहे, पंढरपुरात चंद्रभागेकाठी वाडा आहे. धनगरांतलं हे एक घराणं कागदावर आलं आणि त्याचं नाव दारावर लागलं. मागे राहिलेल्या हजारो वाड्यांचं काय, हा प्रश्न त्या नावातच आहे. ओव्यांवर प्रबंध व्हावेत, ध्वनिमुद्रणं जपावीत. पण ध्वनिमुद्रणाने वहिवाट जपली जात नाही, वहिवाटीचा दाखला तेवढा मिळतो. ज्याला ओवी वाचवायची आहे त्याने आधी मेंढरांच्या वाटेचा आणि चराऊ माळाचा प्रश्न धसास लावावा, आणि मुलांच्या सुट्टीतली एखादी रात्र ओवीकाराला द्यावी, वीस मिनिटांच्या अटीशिवाय. वीस वर्षं म्हणजे एक पिढी. तेवढ्या काळात एखाद्या गावात कुणी सुंबरान मांडलंच नाही, तर पुढे ग्रंथालयात ओवी सापडेल, पण त्या गावावरून तिचा हक्क उठलेला असेल.