कोप आणि कृपा

गेल्या वर्षीं वर्गांत विल्यम कूपरच्या कविता शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “सर, देवाची कृपा चुकीच्या माणसावर झाली असें नाहीं का वाटत?” तास संपत आला होता, त्यामुळें उत्तर टाळणें सोपें गेलें. प्रश्न मात्र मनांतून गेला नाहीं. आम्ही ख्रिस्ती नाहीं. तरीहि ईश्वराचा कोप आणि ईश्वराची कृपा ह्यांचा ख्रिस्ती धर्मांत जो पेंच पडला आहे, तो एका धर्मापुरता आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रश्न ज्या दोघांविषयीं होता ते इंग्लंडांतील ओल्नी ह्या लहानशा गांवीं शेजारीं राहत. एक तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन (१७२५–१८०७). हा पूर्वी खलाशी होता, आणि तोहि चांगला उर्मट व नास्तिक. १७४८ च्या मार्च महिन्यांत अटलांटिक महासागरावर त्याचें जहाज वादळांत सांपडलें, तेव्हां मरणाच्या भीतीनें त्याच्या तोंडून देवाचें नांव निघालें. तो वांचला, आणि तो दिवस त्यानें पुढें जन्मभर पाळला. दुसरा कवि कूपर (१७३१–१८००): भिडस्त, हळव्या मनाचा, ससे पाळणारा. १७६३ सालीं सरकारी जागेसाठीं द्यावयाच्या एका परीक्षेच्या धास्तीनें त्याचें मन बिघडलें व त्यानें आत्महत्येचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथील वेड्यांच्या इस्पितळांत पौलाचें रोमकरांस पत्र वाचतांना आपल्यास क्षमा झाली असें त्यास वाटलें आणि तो सावरला. ह्या दोघांनीं रचलेल्या भक्तिगीतांचा संग्रह १७७९ सालीं निघाला.

न्यूटनचें ‘अमेझिंग ग्रेस’ हें कृपेचें जगप्रसिद्ध गीत १७७३ च्या वर्षारंभाच्या प्रवचनासाठीं झालें असें मानतात. त्याच महिन्यांत कूपरचें मन पुन्हां ढासळलें. फेब्रुवारींत एका स्वप्नांत त्यास निर्णय ऐकूं आला कीं, तुझा निकाल लागला, तूं बुडालास. मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षें, त्याचा ह्या निर्णयावर विश्वास होता. तो पुन्हां कधीं उपासनेसाठीं देवळांत गेला नाहीं. न्यूटननें त्यास वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें, समजावलें. पण देवानेंच टाकलेल्या माणसास मित्रानें काय समजवावें?

आतां न्यूटनच्या चरित्रांतील दुसरें पान उलटावें लागतें. वादळांतून वांचल्यावर हा गृहस्थ गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. १७५० ते १७५४ ह्या काळांत त्यानें आफ्रिकेंतून माणसें भरून नेण्याच्या तीन सफरी केल्या. वर तो खलाशांना प्रार्थना सांगे, आणि खालीं तळघरांत साखळ्या घातलेलीं माणसें दाटीवाटीनें पडलेलीं असत. धंदा सोडला तो प्रकृतीनें दगा दिला म्हणून. त्या धंद्याविरुद्ध त्यानें जाहीरपणें लेखणी उचलली ती १७८८ सालीं, म्हणजे चौतीस वर्षांनीं. विद्यार्थिनीचा प्रश्न आतां वाचकांसहि टोंचेल: ज्याच्या हातीं साखळ्या होत्या त्यास कृपेची खात्री, आणि ज्यानें मुंगीसहि दुखविलें नाहीं त्यास कोपाची!

कोपणारा देव सुशिक्षित मनास नकोसा वाटतो. आपल्याकडे देवीचा रोगच जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, तेव्हां तिच्या कोपाची भाषाहि मागें पडली, आणि तें बरेंच झालें. ख्रिस्ती मंडळींतहि ही अडचण जुनीच आहे. दुसऱ्या शतकांत मार्सियन नांवाच्या गृहस्थानें कोपिष्ट देव वेगळा आणि ख्रिस्ताचा दयाळु पिता वेगळा अशी सरळ वांटणीच करून टाकली. मंडळीनें त्यास बाहेर काढलें. अलीकडे, १९३२ सालीं, सी. एच्. डॉड ह्या पंडितानें रोमकरांस पत्रावरील भाष्यांत असें प्रतिपादन केलें कीं, कोप ही देवाची भावना नव्हे, तर नैतिक विश्वांत पापाचें फळ अटळपणें येतें त्या क्रियेचें तें नांव आहे. मराठी वाचकास येथें कर्मविपाकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ह्या मताचें खंडनहि झालें आहे; त्या वादांत आम्ही शिरत नाहीं.

आमची अडचण निराळी आहे. कोप वगळून नुसती कृपा ठेवली, तर न्यूटनचा व्यवहार न्यूटन आणि देव ह्या दोघांतच मिटतो. तळघरांतला माणूस त्यांत कोठेंच येत नाहीं. अपराध झाला त्याचा, आणि क्षमा मात्र त्यास न विचारतां होऊन गेली! सावकारानें दुसऱ्याचें कर्ज माफ करावें तसाच हा प्रकार. त्या तिसऱ्या माणसाच्या बाजूनें देव उभा आहे असें म्हणावयाचें असेल, तर देवास राग येतो असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं. कर्मविपाकाच्या यंत्रास गुलामाचें दुःख होत नाहीं. राग यावयास आधीं कोणाचें तरी दुःख लागावें लागतें.

आणि पौलानें पहिल्या अध्यायांत कोपाचें जें वर्णन केलें आहे त्यांत वीज नाहीं, प्रलय नाहीं. देवानें माणसांना त्यांच्या वासनांच्या स्वाधीन केलें, एवढेंच तो पुन्हां पुन्हां सांगतो. म्हणजे ज्याच्यावर कोप झाला त्यास तो कळेलच असें नाहीं. त्याची झोंप मोडत नाहीं, त्याच्या प्रार्थनाहि सुरळीत चालतात. तसें असेल तर न्यूटन कोपाखालीं होता तो वादळांत नव्हे, तर वादळानंतर, शांतपणें जहाज हांकीत असतांना. १७८८ च्या पुस्तिकेंत त्यानें आपली लाज जगापुढें मांडली, पुढें पार्लमेंटच्या चौकशींत साक्षहि दिली. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ त झाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हा म्हातारा वारला. आमच्या मतें त्याच्यावर खरी कृपा झाली ती ह्या लाजेच्या रूपानें. आणि त्या क्षणीं ती कृपा होती कीं कोप होता, हें त्यास तरी निराळें करून सांगतां आलें असतें का, कोण जाणे.

कूपरची गोष्ट मात्र अशी उलगडत नाहीं. त्याच्या वेडाचा सारा दोष आम्ही धर्ममतावर ठेवीत नाहीं, कारण त्याचें मन भक्तीकडे वळण्यापूर्वींच बिघडलें होतें. परंतु अमुक जीव आधींच निवडलेले आणि अमुक टाकलेले ह्या मतानें त्या आजारास तयार शब्द पुरविले, हें नाकारतां येत नाहीं. आपले तुकोबा विठ्ठलाशीं भांडतात, त्यास चार शब्द सुनावतात. बायबलांतील स्तोत्रकारहि देवास जाब विचारतो. कूपरला मात्र भांडणेंच सुचलें नाहीं. त्यानें आपल्याविरुद्धचा निकाल न्यायाधीशाला न पाहतांच मान्य केला.

तरी एक गोष्ट उरते, आणि ती आम्हीं वर्गांत सांगितली नाहीं ह्याचें वाईट वाटतें. न्यूटनची पुस्तिका निघाली त्याच १७८८ सालीं कूपरनें गुलामांच्या बाजूनें गाणीं लिहिलीं. त्यांपैकीं एकांत तर गुलाम स्वतःच बोलतो. आपल्यास स्वर्ग नाहीं अशी ज्याची खात्री झालेली, त्यास हें काम करून मिळवावयाचें काय होतें? काम त्यास फारसें रुचत नव्हतें, असेंहि दिसतें. तरी त्यानें तें केलें, आणि पुन्हां आपल्या भाषांतराकडे आणि त्या न संपणाऱ्या भीतीकडे परतला.

ती विद्यार्थिनी आतां महाविद्यालय सोडून गेली आहे. नाहींतर १७८८ सालचे हे दोन कागद तिच्यापुढें ठेवून, कृपा कोणावर झाली म्हणतेस, असें तिलाच विचारलें असतें.