दोन चाकांचा न्याय

संसार ही दोन चाकांची गाडी आहे, असे आपल्याकडे लग्नाच्या मांडवात हमखास सांगितले जाते. दोन्ही चाके सारखी हवीत, हा त्या उपदेशाचा उत्तरार्ध. त्याला आजवर कुणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. घ्यायचीच झाली, तर तो अधिकार एका माणसाचा आहे: मोटारीची पुढची चाके जुळवणाऱ्या मिस्त्रीचा.

नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. त्यावरच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यागाढवांच्या बाजाराइतकीच ती तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. फडाचा जुना ट्रक हे नुसते वाहन नव्हे. हंगामभर ते घर असते. तंबूचे बांबू, कनाती, कपड्यांच्या पेट्या, ढोलकी, भांडीकुंडी, आणि त्या पसाऱ्यात जागा करून निजलेली माणसे. असे घर रात्री बालाघाटाच्या वळणांवरून धावते, तेव्हा आतल्या साऱ्यांचा जीव पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एका लोखंडी दांड्याच्या हवाली असतो. त्या दांड्याला टायरॉड म्हणतात.

त्याच्या दोन टोकांचे आटे परस्परांच्या उलट असतात. दांडा फिरवला की तो लांब तरी होतो, नाहीतर आखूड तरी. मिस्त्री दोन चाकांमधले पुढचे अंतर मोजतो, मागचे मोजतो आणि पुढचे काही मिलिमीटर कमी ठेवतो. गाडी धावू लागली की सांध्यांतील बारीक ढिलाईमुळे चाके किंचित बाहेर फाकतात आणि जवळजवळ समांतर होतात. म्हणजे सरळ रस्त्यापुरता मांडवातला उपदेश खरा ठरला.

पण रस्ता वळला की काय होते? गाडी डावीकडे वळताना डावे चाक लहान वर्तुळावरून जाते, उजवे मोठ्या वर्तुळावरून. अशा वेळी दोन्ही चाके सारख्याच अंशांनी वळली, तर त्यांच्यापैकी एखाद्याला तरी आडवे घासत जावे लागेल. म्हणून आतल्या चाकाने अधिक वळायचे असते. ही युक्ती घोडागाडीच्या काळची आहे. म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने ती काढली. त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान या गृहस्थाने १८१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतले, आणि जगभर ती आकरमानच्याच नावाने ओळखली जाते. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार काही घरांतच चालतो असे नाही!

तेव्हा सारखेपणा म्हणजे न्याय, हे समीकरण वळणावर टिकत नाही. घरातली एक मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. तिच्या क्लासची फी आणि खोलीचे भाडे यांसाठी धाकट्याची नवी सायकल एक वर्ष लांबणीवर पडते. आजोबा अंथरुणाला खिळले, की थोरल्या सुनेची नोकरी काही महिने सुटते. येथे सर्वांना सारखे वळायला लावणे हा न्याय होणार नाही. तो हिशेबीपणा होईल. आणि गाडी आडवी घासत जाईल.

वाचक म्हणतील, हे तर घरोघरच्या कर्त्या पुरुषांना आवडेल असेच तत्त्वज्ञान झाले. ‘परिस्थितीच तशी आहे, तू जरा जास्त वळ,’ असे शतकानुशतके कुणी कुणाला सांगितले, हे सांगायला हवे काय? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तरही त्या पुढच्या चाकांतच आहे. डाव्या वळणावर डावे चाक अधिक वळते. उजव्या वळणावर उजवे. आणि वळण संपले की दोन्ही पुन्हा सरळ होतात. आतले चाक कोणते, हे रस्ता ठरवतो. चाकाच्या कपाळी ते लिहिलेले नसते. ज्या घरात रस्ता कुठेही वळो, अधिक वळायचे ते एकाच माणसाने, तेथे दोष वळणाचा नव्हे. तेथे दांडा वाकला आहे.

दांडा वाकल्याचे चटकन ध्यानात येत नाही, हीच मोठी अडचण. गाडी एका बाजूला ओढू लागते, पण कसलेला ड्रायव्हर न कळत चक्र उलट दाबून धरतो. काही दिवसांनी त्याच्या हाताला ते वळण पडते आणि गाडी सरळ आहे असेच त्याला वाटू लागते. कुणी त्याहून सोपा उपाय करतात: वाकडे दिसणारे चक्र काढून सरळ बसवतात. पाहणाऱ्याचे समाधान होते. खालची चाके होती तशीच राहतात. सणासुदीला घरातला कलह झाकण्याची आपली रीत याहून फारशी वेगळी नाही.

म्हणून जाणता मिस्त्री ड्रायव्हरचे ऐकून घेतो आणि आधी टायरवरून हात फिरवतो. टायर एका कडेने झिजला असेल, ‘खाल्ला’ असेल, तर गाडी कशी चालली आहे हे त्याला कळते. टायर तक्रार करीत नाही, पण खोटेही बोलत नाही. घरातही तसेच आहे. आम्ही सर्वांना सारखे वागवतो, असे जो म्हणतो तो बहुधा चक्रापाशी बसलेला असतो. खरे काय ते झिजलेल्या माणसाकडे पाहूनच कळते: जिचे शिक्षण अर्धवट राहिले, जो भावांसाठी शेतावर राहिला, जी सर्वांच्या शेवटी जेवते.

दिवाळीत सगळे घर एकत्र येते. गाडी घटकाभर थांबलेली असते. जुळवणी करायची ती थांबलेल्या गाडीची, धावतीची नव्हे. फराळाच्या ताटाभोवती कोण कोण बसले आहे, आणि कोण अजून चुलीपाशीच आहे, एवढे पाहिले तरी तपासणीला सुरुवात झाली असे समजावे. आटे कुठे व किती फिरवायचे, हे मग ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे.